पाठीवरची चेन

४ मार्च

ताई,

नमस्कार. पाकिटावरचं अक्षर बघूनच तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. "ठोंब्याचं पत्र म्हणजे काहीतरी मागणं," असं सुनेला म्हणालीसुद्धा असशील. खरंच आहे ते. पण मागणं शेवटी, आधी बातमी ऐक.

'गाळाचा राजा' परत लागला! हो, आपलाच. अकरा दिवसांत दगडाच्या खाणीतल्या डबक्यात उरकलेला. हिरॉईन एकाच झाडाला तीनदा वळसा घालून पळते तो. पाण्यातून राक्षस वर येतो आणि त्याच्या पायात माझे कॅनव्हासचे बूट दिसतात तो. आणि लागला कुठे, तर जिथे मी बावीस वर्षं दारात उभा राहून तिकिटं फाडली त्याच थिएटरात. जुने सिनेमे बघणाऱ्या हौशी लोकांचा एक क्लब आहे, त्यांना एका गोडाऊनमध्ये रिळांच्या पेट्या सापडल्या. आमचा ऑपरेटर दर रविवारी दुपारी चालवतो.

ताई, हॉल भरलेला असतो. राक्षस वर आला की लोक किंचाळतात. तो वळला की पाठीवरची चेन दिसते, आणि सगळा हॉल एका सुरात "चेन!" म्हणून ओरडतो. म्हातारी माणसंसुद्धा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कानशिलं तापली माझी, पण दुसऱ्यांदा मीही ओरडलो.

तो राक्षस म्हणजे मी, हे कोणालाच माहीत नाही. सिनेमाच्या नावांत चहा पुरवणारा आहे, कुत्रा आहे, मी नाही. तूही नाहीस. ते कातडं तू सोळा दिवस बसून शिवलंस, तरी नाहीस.

तर मागणं असं. थिएटर जूनमध्ये पाडणार आहेत. शेवटचा खेळ १८ मे, रविवार दुपार. मी आणि ऑपरेटरनं ठरवलंय, सिनेमा संपला की पडद्याच्या बाजूनं खराखुरा राक्षस बाहेर येणार, लोकांसमोर चेन उघडणार आणि आतून मी निघणार. एकदा तोंड दाखवायचंय ताई. मी होतो, एवढंच. कातडं तुझ्या माळ्यावर आहे ना? पाठव.

बाकी ठीक. थोडा खोकला आहे.

तुझा
ठोंब्या


१३ मार्च

ठोंब्या,

पासष्टी आली तरी अक्कलदाढ काही आली नाही तुला. लोक हसतात आणि तू त्यांच्यात उभा राहून ओरडतोस? आपलेच दात आणि आपलेच ओठ, दुसरं काय म्हणू.

ती चेन बाहेर का आहे ते तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. पहिल्याच दिवशी त्या शहाण्या डिरेक्टरनं शेवटचा सीन घेतला. तेव्हा चेन मी आतून लावली होती, व्यवस्थित, दिसू नये अशी. आत पाणी गेलं आणि ती अडकली. तू पाठीवर हात मारत होतास, गुडघ्यावर बसलास, आणि तो काठावर खुर्ची टाकून "वा! काय मरतोय!" म्हणत होता. मी कमरेइतक्या पाण्यात धावले. दातांनी शिवण उसवली मी. तू काळानिळा झाला होतास. त्या रात्री चेन काढून बाहेरून लावली आणि तिला किल्ल्यांची कडी अडकवली, म्हणजे कोणालाही, आंधळ्यालासुद्धा, एका हिसक्यात उघडता यावी. डिरेक्टर म्हणाला, "दिसेल." मी म्हटलं, "दिसू दे, नाहीतर दुसरा राक्षस शोधा."

आणि त्यावर आता लोक हसतात. हसू देत. पण मला ते ऐकवू नकोस.

कातडं असेल वर. बघते. माळ्यावर चढायला आता गुडघे नाही म्हणतात.

खोकल्याचं काय? "थोडा" म्हणजे किती? तुझा "थोडा" मला माहीत आहे.

ताई


२८ मार्च

ताई,

खोकला धुळीचा. थिएटरातल्या बाल्कनीच्या खुर्च्या काढायला लागलेत, त्यांत पन्नास वर्षांची धूळ. आणि हो, आता पत्र ऑपरेटरच्या पत्त्यावर पाठव. माझ्या खोलीचं छत गळतंय, म्हणून काही दिवस दुसरीकडे राहतोय. जागा चांगली आहे. मोठी खिडकी, पांढऱ्या भिंती, वेळेवर जेवण.

तू रागावलीस, पण लोक का हसतात ते तुला कळलेलं नाही. मलाही कळलं नव्हतं. क्लबात एक दातांची डॉक्टरीण येते. तिनं हा सिनेमा नऊ वेळा बघितलाय. मी तिला दारात विचारलं, "बाई, यात बघण्यासारखं काय आहे हो? राक्षस फोमचा, रक्त सरबताचं, चंद्र तर ताटलीचा."

ती म्हणाली, "म्हणून तर. मोठ्या सिनेमातला राक्षस अगदी खरा दिसतो, पण त्याच्या आत कोणी नसतं. याच्यात कोणीतरी आहे. कोणीतरी त्या थंड पाण्यात उभं राहिलंय, ठेच लागली तर सावरलंय, बूट काढायला विसरलंय. चेन दिसली ना, की मला बरं वाटतं. आत माणूस आहे आणि त्याला बाहेर यायची सोय आहे."

मी तिकीट फाडून तिच्या हातात दिलं. पण ओठांवर आलं होतं, बाई, तो माणूस तुमचं तिकीट फाडतोय.

दिवसभर लोकांचे दात उपटणाऱ्या बाईला रविवारी दोन तास हसावंसं वाटतं, यात वाईट काय? एक पोस्टमन येतो, तो राक्षसाचे सगळे हुंकार पाठ म्हणतो. एक जोडपं भांडून येतं आणि हात धरून जातं. हे लोक आपल्याला हसत नाहीत ताई. ते आपल्याबरोबर हसतात. आयुष्यात माझं एवढंच काम लोकांच्या उपयोगी पडलंय.

सापडलं का कातडं?

ठोंब्या


९ एप्रिल

ठोंब्या,

सापडलं. बरंच उसवलंय, दुरुस्तीला वेळ लागेल. छातीचं माप कळव. तेव्हा बेचाळीस होतं. आता पोट सुटलं असेल तर वाढवावं लागेल.

तुझी दातांची डॉक्टरीण गोड बोलते. दात उपटणाऱ्यांना बोलावंच लागतं तसं. सुनेनं मला फोनवर दाखवलं. कोणीतरी सिनेमातला तेवढाच तुकडा कापलाय, तू वळतोस आणि चेन दिसते, तू वळतोस आणि चेन दिसते, परत परत. खाली लोकांनी लिहिलंय. "शिंपी झोपला होता का?" "या शिंप्याला बक्षीस द्या." हजारो लोकांनी. सून हसता हसता थांबली आणि म्हणाली, "आई, तुम्ही शिवलं होतं ना हे?" मी म्हटलं, "नाही गं, दुसऱ्या कोणीतरी."

चाळीस वर्षं गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवली. एक टाका कोणी वाकडा दाखवावा. आणि माझं म्हणून जगानं बघितलं ते हे.

उजव्या अंगठ्याला सुई लागली आहे, म्हणून अक्षर असं.

ताई


१६ एप्रिल

ताई,

छाती चौतीस. हसू नकोस. वय झालं की माणूस आटतो.

"दुसऱ्या कोणीतरी" असं का म्हणालीस? मला फार वाईट वाटलं. मी असतो तर सुनेला तो पहिल्या दिवसाचा प्रसंग सांगितला असता.

उसवलंय तेवढंच शीव. अंगठा सांभाळ. आणि चेनीला हात लावू नकोस, आहे तशी राहू दे. लोक तिच्यासाठीच येतात.

मला आता रोज संध्याकाळी तीच स्वप्नं पडतात, जागेपणीच. दिवे लागतात, मी पाठ वळवतो, कोणीतरी कडी ओढतं, आणि मी बाहेर येतो. बस, एवढंच. लवकर पाठव.

ठोंब्या


५ मे

ठोंब्या,

पार्सल आज पाठवलं. नीट वाच.

चेनीला हात लावू नकोस म्हणालास ते माझ्या अंगठ्यासाठी, हे न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? हात लावला. आता ती पाठीवरच्या काट्यांच्या पट्टीखाली आहे. वरून खवले एकावर एक असे बसवलेत की शिवण कुठे संपते ते मलाच शोधावं लागतं. मानेजवळचा तिसरा काटा उचलायचा, खाली बारीक हुक आहे, तो डावीकडे सरकवायचा, मग चेन खाली ओढायची. डोकं अंगालाच जोडलेलं आहे, पूर्वीसारखं. ते वेगळं निघणार नाही.

झाकली मूठ सव्वा लाखाची. आता बसा म्हणावं शोधत! तू लोकांसमोर उभा राहशील तेव्हा कोणी "चेन!" म्हणून ओरडणार नाही. गप्प बसतील. मग तू बाहेर ये, आणि सांग की हे माझ्या बहिणीनं शिवलंय. माझं नाव घ्यायला मी पहिल्यांदाच परवानगी देते आहे.

मी येणार होते, पण डॉक्टर गुडघ्यांना प्रवास नको म्हणतात. सगळं सविस्तर लिही.

आत जास्त वेळ राहू नकोस. खोकला गेला ना?

ताई


१२ मे

ताई,

मिळालं. ऑपरेटरनं आणि मी जमिनीवर पसरलं आणि दोघंही बराच वेळ बघत राहिलो. तो म्हणाला, "हे शिवलंय की उगवलंय?"

एक सांगू? जुन्या कातड्याच्या डाव्या काखेत माझ्या सिगारेटनं पडलेलं भोक होतं. ते तू रफू केलेलंही मला ओळखू आलं असतं. इथे भोकही नाही आणि रफूही नाही. फोमला नवा वास आहे. पण मी काही विचारत नाही. अंगठ्याला सुई दुरुस्तीत लागली की आणखी कशात, तेही विचारत नाही. चाळीस वर्षांत माझ्यासाठी एवढं कोणी केलेलं नाही, आणि चाळीस वर्षांपूर्वी केलं होतं तेही तूच. खाणीतल्या त्या दिवसाबद्दल मी तुला कधी काही बोललोच नाही. दोन दिवस तुझ्या ओठातून रक्त येत होतं. आज बोलतो. तुझ्यामुळे मी जगलो ताई.

चेन दिसत नाही म्हणून आधी जरा चुकल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू. कडीही नाही. पण काय शिलाई आहे! एकदा लोकांनी तीही बघावी. ऑपरेटरला तिसरा काटा, हुक, सगळं दाखवलंय, त्यानं चार वेळा उघडून बघितलं. तोच मला आत घालणार आणि तोच बाहेर काढणार. काळजी करू नकोस.

खोकला गेला.

तुझा
ठोंब्या


२१ मे

आदरणीय ताई,

मी थिएटरचा ऑपरेटर. तुमची पत्रं माझ्याच पत्त्यावर येत होती. तुमच्या चिरंजीवांनी फोनवर तुम्हाला सांगितलं असेलच. पण काय झालं ते मी लिहावं असं मला वाटलं, कारण दुसऱ्या कोणाला ते पूर्ण माहीत नाही.

भाऊ मार्चच्या मध्यापासून छातीच्या वॉर्डात होते. फुफ्फुसं आखडत चालली होती, नळीनं हवा द्यावी लागायची. "ताईला कळवायचं नाही, कळलं तर कातडं पाठवणार नाही," अशी शपथ त्यांनी मला घातली होती. मी ती पाळली. पाळायला नको होती. रविवारी दोन तासांची सुट्टी त्यांनी रडून मिळवली. मी म्हटलं, "भाऊ, दम निघेल का?" ते म्हणाले, "अरे, पाच मिनिटांचं तर काम."

पाच मिनिटांचंच होतं. शेवटचं रीळ लावायच्या आधी मी त्यांना पडद्यामागे कातड्यात घातलं, हुक लावला आणि वर धावलो. रीळ संपताच खाली येणार होतो. रीळ मध्येच तुटलं. ते जोडायला बसलो. हॉलमध्ये दिवे लागले. मला वाटलं, ते थांबतील.

ते थांबू शकले नसणार. पडद्याच्या बाजूनं बाहेर आले. मी मशीनच्या खिडकीतून बघितलं. लोक उभे राहिले, टाळ्या, शिट्ट्या. ते हेलपाटले, गुडघ्यावर बसले आणि पाठीवर हात मारायला लागले. ताई, सिनेमाच्या शेवटी राक्षस तसाच मरतो. सगळ्यांना पाठ आहे ते. लोक त्यांच्याबरोबर हुंकार द्यायला लागले. मीसुद्धा मनात म्हटलं, भाऊ काय रंगलेत! आणि मान खाली घालून रीळ जोडत राहिलो. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

टाळ्या थांबल्या तेव्हा वर बघितलं. दातांच्या डॉक्टरीणबाई खुर्च्यांवरून उड्या मारत पुढे गेल्या होत्या. त्या ओरडत होत्या, "चेन! चेन कुठे आहे? चेन शोधा!" लोकांना आधी तीही गंमत वाटली, मागच्या रांगांनी "चेन!" म्हणून साथ दिली. मग आठ-दहा जण पाठीवर हात फिरवत होते. चेन कोणाला मिळेना. मी जिना उतरून पोचेपर्यंत तिकीट खिडकीतली कात्री आणून कोणीतरी पाठ कापली होती.

तेव्हा सगळ्यांना ते दिसले. हॉलमध्ये कोणी आवाज केला नाही. ते शुद्धीवर नव्हते. सोमवारी पहाटे वॉर्डात गेले.

तुमचं नाव घ्यायचं राहिलं. मी क्लबाला सांगितलं, राक्षस कोण होता आणि कातडं कोणी शिवलं. ते म्हणतात, कातडं काचेच्या कपाटात ठेवू, खाली दोघांची नावं लिहू. कापलेलं आहे, म्हणून आधी तुमच्याकडे पाठवतो आहे. शिवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

मला माफ करा असं लिहिणार होतो. लिहीत नाही.

ऑपरेटर


९ जून

ऑपरेटरभाऊ,

कातडं मिळालं. कात्री चेनीच्या चार बोटं डावीकडून गेली आहे. चार बोटं.

तुम्ही स्वतःला दोष देऊ नका. दिलात तरी माझ्या वाट्याचा कमी होत नाही. त्यानं खोकला लपवला आणि मी चेन लपवली. त्यानं एका ओळीत खरं लिहिलं असतं तर मी ती कडी बाहेर लावली असती, शंभर लावल्या असत्या. आणि त्यानं न लिहिताही मला कळायला हवं होतं. बेचाळीसची छाती चौतीस झाली. मापं घेण्यात जन्म गेला माझा, आणि मी त्या आकड्यावर बसून नुसता फोम कापला.

जुनं कातडं नव्हतंच. ते मी वीस वर्षांपूर्वी कापून घरातल्या खुर्च्यांच्या गाद्या केल्या होत्या, ठोंब्याला सांगायचं धाडस झालं नाही. मी बसले आहे त्या खुर्चीतही त्या कातड्याचाच फोम आहे. इथे बसूनच मी नवं शिवलं, आणि शिवताना एकच विचार होता, की आता लोक मला हसणार नाहीत. त्याचा विचार नव्हता. हे मी कोणाला तरी सांगायला हवं, म्हणून तुम्हाला सांगते.

सुनेलाही सांगितलं, की ती चेन मीच लावली होती. का लावली तेही सांगितलं. ती हसली नाही. आता मला वाटतं, हसली असती तर बरं झालं असतं.

पाठ शिवली आहे. कात्रीची खूण झाकलेली नाही. हुक आणि काट्यांची पट्टी काढून टाकली. चेन बाहेर आहे, पांढरी, मोठी, आणि तिला माझ्या घराच्या किल्ल्यांची कडी अडकवली आहे. काचेबाहेरूनसुद्धा दिसेल. कपाटात ठेवताना पाठ लोकांकडे करा. कोणी हसलं तर हसू द्या, त्यांना अडवू नका. खाली त्याचं नाव लिहा. माझं नको.

आत आता कोणी नाही, मला माहीत आहे. तरी कडी एकदा ओढून बघा, अडकत नाही ना.

ताई